दहाव्याचा सिनेमा तिसऱ्या दिवशी उतरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील चित्रपटगृहांचे मालक, व्यवस्थापक आणि कुठल्या पडद्यावर कुठला खेळ लावायचा हे ठरवणारी बुकिंगची मंडळी यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र 'साबर बोंडं' या मराठी सिनेमाबद्दल आहे. रोहन परशुराम कानवडे यांच्या या सिनेमाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली होती. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे लागला. पितृपंधरवड्यातला शुक्रवार होता. रविवारी सर्वपित्री अमावास्या झाली, सोमवारी घट बसले, आणि तोवर आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या मल्टिप्लेक्समधून सिनेमा उतरलेला होता. बाप गेल्यानंतरच्या दहा दिवसांची गोष्ट, आणि तुम्ही तिसऱ्याच दिवशी सावडून मोकळे झालात.

मल्टिप्लेक्सचं नाव लिहीत नाही. एका व्यवस्थापकाला चौकात उभं करून काही साधायचं नाही. तो जे बोलला ते दुसऱ्या गावात दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतं, आणि वेळापत्रक तो ठरवतही नाही, ते त्याला वरून येतं. पत्राखाली माझंही नाव नाही. घरमालकाला आणि ऑफिसात मी स्वतःबद्दल काही सांगितलेलं नाही. व्यवस्थापकांना मात्र माझं नाव ठाऊक आहे, कारण त्यांच्याकडे मी सही करून रीतसर अर्ज दिला होता. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता हे चारचौघांत.

मी पंचेचाळिशीचा, नोकरी करणारा, एकटा राहणारा माणूस आहे. समलिंगी आहे. माझा जोडीदार काही वर्षांपूर्वी आजारपणात गेला. आम्ही एका घरात राहायचो. घरमालकाच्या लेखी दोघं बॅचलर, शेजाऱ्यांच्या लेखी मित्र, त्याच्या घरच्यांच्या लेखी रूम पार्टनर. इस्पितळात फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मी 'मित्र' लिहिलं आणि सहीसाठी त्याच्या भावाची वाट बघत बाकावर बसून राहिलो. भाऊ वाईट माणूस नाही. गावाहून यायला त्याला वेळ लागला, इतकंच.

दहाव्याला मी त्याच्या गावी गेलो. नदीवर वरच्या पायरीवर, गावातल्या बाकीच्या माणसांत उभा राहिलो. पिंडाला कावळा शिवेना. अशा वेळी जवळची माणसं पुढे होतात आणि गेलेल्याला शब्द देतात, हे तुम्हाला सांगायला नको. भावाने आईला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. चुलते जमिनीचं काहीतरी बोलले. बहीण नुसतीच हात जोडून उभी राहिली. त्याचं काय राहिलं होतं ते मला माहीत होतं, फार मोठं काही नव्हतं. पण मी पुढे झालो असतो तर कोण म्हणून झालो असतो? थोड्या वेळाने कावळा शिवला. भावाच्या शब्दाने शिवला असेल, नाहीतर भूक लागली असेल. मग पंगती बसल्या. मीही जेवलो.

सुतक वगैरे मी मानत नाही. तरी एक गोष्ट त्या दिवशी कळली. सुतक लागतं म्हणजे गेलेला माणूस तुमचा होता, हे अख्ख्या गावाने कबूल केलेलं असतं. तुम्ही कुठे जायचं नाही, काय खायचं नाही, हे नियम जाचक खरेच, पण त्या दिवसांत कोणी तुम्हाला 'काय झालं, चेहरा का उतरलाय' असं विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं. मला सुतक लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन बसलो. रूम पार्टनर वारला म्हणून रजा मिळते का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

आता तुम्ही उतरवलेल्या सिनेमाकडे येतो. तिशीतला आनंद वडिलांच्या दहा दिवसांसाठी आईबरोबर मूळ गावी येतो. भूषण मनोज यांनी ही भूमिका केली आहे. घर पाहुण्यांनी भरलेलं. हे चालत नाही, ते चालत नाही, आणि दर दुसऱ्या तोंडी लग्नाचा विषय. बापाचं दुःख करायला मुलगा एकटा सापडत नाही आणि त्या गर्दीत त्याच्याइतकं एकटंही कोणी नाही. गावात बाळ्या आहे, लहानपणीचा सोबती, सुरज सुमन यांनी केलेला. शेळ्यांमागे हिंडणारा, त्याच्याही मागे लग्नाचा तगादा. ही दोघं हळूहळू एकमेकांपाशी येतात, आणि ते सुतकातल्या घराच्या आसपास, त्याच दिवसांत घडतं. दुःख आधी उरकून घ्या, प्रेमाचं मग बघू, असं आयुष्यात होत नाही. या सिनेमातही होत नाही. पार्श्वसंगीत नाही. आता रडा म्हणून सांगायला व्हायोलिन येत नाही. कानवडे यांना ही गोष्ट स्वतःच्या वडिलांच्या सुतकात, गावी अडकून पडलेले असताना सुचली, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे. ते पडद्यावर दिसतं. ज्याने ते दहा दिवस मोजलेले नाहीत, त्याला त्यातला कंटाळा इतका खरा दाखवता आला नसता.

मला भारी पडली ती आई. जयश्री जगताप यांनी केलेली. तिला मुलाबद्दल ठाऊक आहे. भाषण नाही, आरडाओरडा नाही, 'तू माझाच मुलगा आहेस' छापाची मिठी नाही. नवरा गेलेली बाई स्वतःच्या दुःखातून सवड काढून मुलाला नातेवाइकांपासून वाचवत राहते, इतकंच. माझ्या आईला मी सांगितलेलं नाही. ती पंचाहत्तरीला आली. त्या बाईंकडे बघताना माझ्या मनात काय काय आलं ते इथे लिहीत नाही.

'मित्राची गोष्ट' हे तेंडुलकरांचं नाटक १९८१ सालचं. त्यातली समलिंगी मित्रा शेवटी जीव देते. त्या काळात ते लिहिणं हे धाडसच होतं आणि मी त्याला नावं ठेवत नाही. पण तेव्हापासून आमची गोष्ट सांगायची म्हटलं की मरायचं काम बहुतेक आमच्याकडेच आलं. नाहीतर हशा वसूल करायचं. इथे पहिल्यांदा मी पाहिलं की मरण दुसऱ्या कोणाचं आहे आणि आमच्यातला माणूस जिवंत आहे, मागे राहिलेला आहे, त्याला शोक करायचा आहे. हे केवढं मोठं आहे ते मला दहाव्याच्या पायरीवर उभा राहिलेला माणूस म्हणून कळतं. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवत. मराठीत कविता लिहीत. त्यांच्या 'पायाखालची हिरवळ'ला महाराष्ट्र साहित्य परिषदेचं पारितोषिक मिळालं होतं. २०१० च्या फेब्रुवारीत त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन माणसं घुसली, समलिंगी संबंधांवरून विद्यापीठाने निलंबित केलं, एप्रिलच्या सुरुवातीला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवड्याच्या आत ते घरात मृतावस्थेत सापडले. या मराठी कवीवर सिनेमा झाला तो हिंदीत, २०१६ साली. आपल्या माणसाची गोष्ट आपल्या भाषेत यायला अशी वर्षं जातात, आणि आली की तुम्ही तिला तीन दिवस देता.

तक्रारी आता एकेक मांडतो.

सगळ्यात आधी वेळ. आमच्याकडे दिवसाला एकच शो होता, सकाळी अकराचा. शुक्रवारी सकाळी अकराला कोण मोकळं असतं? एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सांना मराठी सिनेमा संध्याकाळी सहा ते नऊ या प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं होतं. मोठा वाद झाला आणि मग तो प्राइम टाइमच दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत ताणला गेला. म्हणजे चोवीसपैकी नऊ तास मुख्य वेळ! त्या वेळी मला हसू आलं होतं. या वेळी कळलं की आमचा अकराचा शो त्या नऊ तासांतही बसत नाही.

दुसरी तक्रार तुमच्या हिशोबाबद्दल आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण यात वाईट हेतू कोणाचाच नाही. तुम्ही आगाऊ बुकिंग बघता, शुक्रवारची ओपनिंग बघता, शनिवार-रविवारचं कलेक्शन बघता आणि सोमवारपासूनचे शो ठरवता. या सिनेमाचा प्रेक्षक या मापात सापडतच नाही. तो आगाऊ बुकिंग करत नाही. घरातल्या फोनवर तिकिटाचा मेसेज येतो, तो बायको वाचते, मुलगा वाचतो, बाप वाचतो. तो रोख पैसे घेऊन शो सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं येतो, खिडकीवर ओळखीचं कोणी नाही ना ते बघतो, आणि असलं तर दुसऱ्याच सिनेमाचं तिकीट काढून परत जातो. होय, असं होतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा प्रयत्न करतो. त्याला एखादा पाहून आलेला माणूस भेटावा लागतो, जो हळूच सांगेल की जा, बघून ये, काही होत नाही. या सांगण्याला वेळ लागतो. आमच्यात ते गटागटाने होत नाही, एकाकडून एकाकडे जातं. तीन दिवसांत जो प्रेक्षक तुम्हाला दिसला तो धीट होता. बाकीचा पुढच्या आठवड्यात येणार होता.

याच सुमारास 'दशावतार'ला गर्दी लोटली होती. मराठी सिनेमाला माणसं येत नाहीत असं म्हणायला जागा नव्हती. त्याला दहा शो द्या, माझं काही म्हणणं नाही, मीही तो पाहिला. पण दहाच्या शेजारी एक ठेवायला काय जड जात होतं?

तिसरी तक्रार शनिवारची. मी सुट्टी होती म्हणून गेलो. तिकीट काढलं, आत जाऊन बसलो. आम्ही चौघं होतो. दोन कॉलेजची मुलं, एकमेकांत एक खुर्ची मोकळी सोडून बसलेली, आणि मागे ओढणीने तोंड झाकून घेतलेली एक मुलगी. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्यांच्याकडे बघितलं नाही, पण चौघांनाही चौघं कळले. मग एक कर्मचारी आला आणि म्हणाला, पब्लिक नाही, शो कॅन्सल, याच तिकिटावर दुसरा पिक्चर बघा. पडदा काळाच राहिला. चार लोकांसाठी मशीन चालवणं परवडत नसेल, मला वीजबिल आणि पगार कळतात. पण मग तिकिटं विकायचीच नव्हती. त्या गावात आमच्यासारखे चार जण एका छताखाली, उजेडात तोंड न दाखवता बसलेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. आम्हाला उठवून चार दिशांना लावून दिलं. ती मुलं दुसऱ्या पिक्चरला गेली का घरी, मला माहीत नाही.

चौथी, खिडकीवरची. 'तसला पिक्चर' असं म्हणून शेजारच्याकडे बघून हसणं. पोस्टर बाहेर कुठेच नसणं. विचारल्यावर 'आलंच नाही' सांगणं आणि ते आतल्या जिन्यापाशी भिंतीला उलटं टेकवून ठेवलेलं असणं. या सगळ्यावर एक ओळ पुरे.

पाचवी, व्यवस्थापकांचं वाक्य: "आमच्याकडे फॅमिली क्राउड येतो हो." माणूस नम्र होता, मला चहाही विचारला. त्यांना मी एवढंच म्हणालो की साहेब, सिनेमा बघितलात का? बघितला नव्हता. या सिनेमात फॅमिलीशिवाय दुसरं काही नाही. आई आहे, गेलेला बाप आहे, घरभर नातेवाईक आहेत, पंगती आहेत, लग्न जमवणाऱ्या बायका आहेत, दहावा आहे. एखाद्या फॅमिलीत असा मुलगा असतो हीच अडचण असेल तर तसं सांगा. कारण तो मुलगा एरवीही तुमच्या थिएटरात येतो, आईबापांबरोबर, बहिणीबरोबर, आणि मध्यंतरात सगळ्यांसाठी पॉपकॉर्न घेऊन येतो. त्याच्या पैशाला तुम्ही फॅमिली क्राउडच म्हणता.

शेवटची तक्रार, भाड्याच्या शोची. सिनेमा उतरल्यावर आम्ही काही जणांनी एक शो आमच्या खर्चाने लावायची तयारी दाखवली. वाढदिवसाला, शाळांना, कंपन्यांना तुम्ही हॉल देता. आम्हाला आधी 'बघू' सांगितलं, मग 'वरून परवानगी नाही' सांगितलं, मग फोन उचलणं बंद झालं.

या टाळाटाळीमागे भीती असेल हेही मला कळतं. डिसेंबर १९९८ मध्ये दोन बायकांच्या प्रेमावरच्या 'फायर' या सिनेमावरून मुंबईत थिएटरांवर हल्ले झाले, काचा फुटल्या, तो सिनेमा परत सेन्सॉरकडे पाठवला गेला आणि १९९९ मध्ये एकही कट न लागता पुन्हा आला. तेव्हा नुकसान थिएटरवाल्यांचं झालं, भाषणं करणाऱ्यांचं नाही. पण त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे सरकारने मान तुकवायची नाही, सिनेमाला संरक्षण द्यायचं. कलम ३७७ खाली आमच्यावर असलेला गुन्हेगारीचा शिक्का ६ सप्टेंबर २०१८ ला पुसला गेला. आणि आमच्या गावात या सिनेमाविरुद्ध कोणी निवेदन दिलं नव्हतं, कोणी घोषणा दिल्या नव्हत्या. कोणी यायच्या आधीच तुम्ही दार लावून घेतलंत.

कोणी म्हणेल, लग्नाचा हक्क नाही, वारसाहक्क नाही, आणि हे गृहस्थ शोच्या वेळेवरून भांडताहेत. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला आमच्या लग्नांना मान्यता द्यायला नकार दिला, ते मला कोणी आठवण करून द्यायला नको. २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेऊ द्यावा. नातेवाईक नसतील तर. माझ्या माणसाला नातेवाईक होते, त्यामुळे मंत्रालयाचं ते पत्र तेव्हा असतं तरी मला कामाला आलं नसतं. पण हे सगळं मी तुमच्याकडे मागत नाही, ते जिथे मागायचं तिथे मागू. तुमच्या हातात वेळापत्रक आहे, म्हणून तुमच्याकडे वेळापत्रकाचं बोलतो.

आणि ते बोलण्याचं खरं कारण हे. नंतर मी दुसऱ्या शहरात जाऊन हा सिनेमा पाहिला. रात्रीचा खेळ होता, हॉल निम्मा भरलेला. माझ्या शेजारी साठीच्या आसपासचं एक जोडपं होतं. ते कशासाठी आले होते मला माहीत नाही, बहुधा पारितोषिकाची बातमी वाचून आले असतील. आनंद आणि बाळ्या पहिल्यांदा जवळ आले तेव्हा काका जरा खुर्चीत सावरून बसले. मला वाटलं, उठतात आता. उठले नाहीत. पुढे एका जागी काकूंनी पदर डोळ्यांना लावला. त्या माझ्यासाठी रडत नव्हत्या, त्यांचं कोणी गेलेलं असेल. मी माझ्या माणसासाठी रडत होतो. पण आम्ही एकाच अंधारात, एकाच गोष्टीवर, शेजारी बसून रडलो, आणि त्यांनी मला 'तुम्ही त्याचे कोण' असं विचारलं नाही. त्याच्यासाठी चार लोकांत रडायची माझ्यावर आलेली ती पहिली वेळ.

म्हणून 'घरी फोनवर बघा ना' हा सल्ला मी घेणार नाही. फोनवर मी एकटा बघेन, कानात हेडफोन घालून, दाराला कडी लावून. आमची अर्धी आयुष्यं अशीच कडी लावून गेली. नाटक-तमाशापासून आपल्याकडे लोक दुसऱ्याचं दुःख बघायला तिकीट काढून एकत्र बसत आले आहेत. सिनेमावाल्यांनी तर त्यावरच धंदा उभा केला. एकटेपणावरचा सिनेमा एकट्याने बघायला पाठवून देणं हे तुमच्या धंद्यालाही शोभत नाही.

मागण्या अशा:

या प्रकारचा सिनेमा लागेल तेव्हा त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी किमान दोन आठवडे रोज एक शो द्यावा, संध्याकाळी साडेसहानंतर सुरू होणारा. लहानातला लहान पडदा चालेल. शो वाढवू नका, गर्दी झाली तरी नका, फक्त पहिल्या सोमवारी काढून घेऊ नका.

एक तिकीट विकलं गेलं असेल तर शो व्हावा. होणार नसेल तर खिडकीवरच तिकीट नाकारावं, आत बसवून उठवू नये.

बाकीच्या सिनेमांचं पोस्टर जिथे लागतं तिथे याचंही लागावं. खिडकीवरच्या आणि दारावरच्या माणसांना सांगावं की तिकीट फाडताना शेरा मारायचा नाही. यासाठी प्रशिक्षण शिबिर नको, व्यवस्थापकाने एकदा बजावलं की पुरतं.

खासगी शोसाठी हॉल देताना जो दर आणि ज्या अटी इतरांना, त्याच आम्हाला. नकार द्यायचा तर कारणासकट, लेखी.

एकपडदा थिएटर चालवणाऱ्यांना वेगळी विनंती. तालुक्याच्या गावांत तुमच्यापैकी जे अजून तग धरून आहेत, त्यांनी महिन्यातून एखाद्या मंगळवारी-बुधवारी, एरवी खुर्च्या रिकाम्याच असतात तेव्हा, असा एक सिनेमा लावून बघावा. निर्माते मुंबईपुण्याबाहेर कोणी विचारतच नाही म्हणून हात टेकून बसलेले असतात. विचारा तरी. डिजिटल यंत्रणेवर सिनेमा दाखवण्यासाठी निर्मात्याला जे शुल्क भरावं लागतं त्याचा बोजा लहान निर्मात्याला झेपत नाही, तिथे निम्मं सोडलंत तर दोघांचंही भागेल.

आणि आमच्या जिल्ह्यापुरतं. मल्टिप्लेक्सच्या व्यवस्थापकांकडे माझा अर्ज पडून आहे, त्यावर माझा नंबर आहे. आम्हाला एका रविवारचा संध्याकाळचा एक शो हवा आहे. आम्ही सगळे मिळून हॉल भरू की नाही सांगता येत नाही, पण भाडं पूर्ण हॉलचं भरू. किती ते कळवा. अर्धी रक्कम आगाऊ देतो, उरलेली शोच्या दिवशी खिडकीवर, रोख.

कळावे,
अर्जावर ज्याची सही आहे तो प्रेक्षक